दोमिपॉझाची मोहीम

१९ मार्च २०२०, गुरुवार

कालपासून देशात आणीबाणी. घराबाहेर पडायचं नाही. रोगाचं जे व्हायचं ते होईल, डॉक्टर लोक आहेत. माझी काळजी वेगळी आहे. टीव्हीवरचा तो केस चापून बसवलेला मनुष्य एका दमात तीनदा 'लॉकडाउन' म्हणाला. माणूस पोर्तुगीज, टीव्ही पोर्तुगीज, आणि शब्द इंग्रजांचा. सरकारी शब्द 'कोंफिनामेंतो', म्हणजे कोंडून ठेवणं. तो ऐकला की तुरुंगाचा भात आठवतो. एवढी मोठी आमची भाषा, अर्धं जग फिरून आलेली, आणि नुसतं घरी बसायला तिच्याकडे स्वतःचा धड शब्द नाही.

निर्धार : तो शब्द मी देणार.

(कारण इथे लिहून ठेवतो. सबंध नोकरी या सांता उर्सुलाच्या ग्रामपंचायतीत नोटिसा लिहिण्यात गेली. नळाला पाणी येणार नाही, कुत्र्यांना लस टोचून घ्यावी, स्मशानात गुरं सोडू नयेत. सगळी वाक्यं माझी आणि खाली सही सरपंचाची. निवृत्तीला भिंतीवरचं घड्याळ मिळालं, त्यावरही नाव सरपंचाचंच. मरण्याआधी एक तरी शब्द 'हा लिबानियो काराजोलाचा' म्हणून मागे राहावा, एवढीच इच्छा आहे. फार नाही.)

२० मार्च, दुपारी

शब्द झाला! सूप संपून मासा यायच्या मध्ये सुचला. दोमिपॉझा. 'दोमि' म्हणजे लॅटिनमध्ये घरी आणि 'पॉझा' म्हणजे विराम. घरचा विराम. भारदस्त आहे आणि उच्चारायला सोपा.

एर्मेलिंदाला ऐकवला. बायकोने निदान चमचा तरी खाली ठेवायला हवा होता. म्हणाली, ऐकायला बायकांच्या पन्नाशीच्या दुखण्यासारखं वाटतं. भाषेच्या बाबतीत यापुढे तिचं मत घ्यायचं नाही.

२३ मार्च, सोमवार

लिस्बनच्या शब्दकोशवाल्यांना फोन केला. तिथल्या डॉ. लेओनोर म्हणून बाई स्वतः बोलल्या. त्याही घरूनच काम करतात, मागे मूल भोकाड पसरून रडत होतं. कोशाची नवी आवृत्ती निघणार आहे आणि या रोगाच्या दिवसांत जन्मलेले शब्द त्या गोळा करताहेत, ही बातमी खरी निघाली. मी दोमिपॉझा सांगितला, व्युत्पत्ती सांगितली, शुद्धलेखन सांगितलं, पानावर कुठे छापावा तेही सुचवलं.

बाई म्हणाल्या, "शब्द फार छान आहे, पण आम्ही तो बनवणाऱ्याच्या तोंडून घेत नाही. दुसऱ्यांच्या बोलण्यात, कुणी न शिकवता, सहज आलेला आम्हाला ऐकू आला पाहिजे."

एवढंच ना. गाव माझं, तोंडं माझ्या ओळखीची. उन्हाळ्याच्या आत काम फत्ते.

२६ मार्च

पहिली चाल. सरपंचांना पटवलं. गावात 'घरी बसा' अशी दवंडी फिरवायची आहे, तिचा मजकूर मी लिहिणार आणि आवाजही माझाच. पंचायतीकडे भोंगा नाही म्हणून मासेवाल्याची गाडी भाड्याने घेतली आहे. आज मजकूर रेकॉर्ड केला : 'नागरिकहो, दोमिपॉझा आला आहे. सर्वांनी दोमिपॉझाचा लाभ घ्यावा.' आवाज लागला होता. अंगावर काटा आला. माझ्याच.

२७ मार्च, शुक्रवार

मासेवाल्याची गाडी ही चूक झाली. या गावात त्या गाडीचा भोंगा वाजला की माणूस विचार करत नाही, पातेलं उचलतो. त्यात आज शुक्रवार, आणि तोही ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतला, म्हणजे मटण वर्ज्य आणि मासाच हवा. भोंगा गिरिजाघराजवळ पोहोचेपर्यंत अख्खं गाव रस्त्यावर उभं होतं, खांद्याला खांदा लावून, हातात पातेली. मी गाडीतून ओरडून सांगत होतो की घरी जा. ते विचारत होते की ताजा आहे का. म्हाताऱ्या गेर्त्रुदेसबाईंनी खिडकीतून मान आत घालून दोमिपॉझा किलोला काय भाव आहे ते विचारलं, आणि डोकं नको, मधला तुकडा द्या म्हणाल्या.

हवालदार फोंतेशने शिट्ट्या मारून सगळ्यांना पांगवलं. सरपंच म्हणाले की गेल्या जत्रेनंतर एवढी गर्दी आज झाली.

तरीही जमेची बाजू : शब्द शेकडो तोंडी गेला.

१ एप्रिल

डॉ. लेओनोरना कळवलं. उत्तर : भाव विचारणं हा वापर धरता येत नाही.

नवी चाल. भोंगे-बिंगे नकोत. घरोघर. आमच्या आलेंतेजूत प्रत्येक दाराला छोटी खिडकी असते, तीतून माणसाचं तोंड बरोब्बर मावतं. आपण रस्त्यावर दोन मीटरवर उभं राहायचं, ख्यालीखुशाली विचारायची आणि बोलण्यात दोमिपॉझा पेरायचा. रोज अर्धं गाव. पेरलेलं उगवतंच.

अडचण एकच, बाहेर पडायला कारण लागतं. कायदा मी वाचला आहे (गावात मी एकट्यानेच). पाव आणायला जाता येतं. औषध आणायला जाता येतं. पाळीव जनावर फिरवता येतं. आणि 'आरोग्यफेरी' मारता येते. हा शेवटचा शब्द सरकारचा आहे, माझा नाही. गावाने त्याचा अर्थ परसाकडे जाणं असा घेतला आणि चर्चा अशी झाली की, असल्या कामाला आता घरात सोय असताना बाहेर कशाला जायचं.

६ एप्रिल

झकास चाललंय. सकाळी पाव आणायला निघतो. अकराला दुसरा पाव. दुपारी औषधाच्या दुकानात, तिथे काही घेत नाही, औषध संपलं नाहीये ना एवढं बघून येतो. संध्याकाळी पुन्हा बेकरीत, सकाळचा पाव कसा निघाला ते सांगायला. पाव दिवसातून किती वेळा आणावा हे कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही.

घरी पाव फार झालाय. एर्मेलिंदा रोज पावाचं सूप करते. वाढताना वाटी आपटते.

१२ एप्रिल, ईस्टरचा रविवार

आज बेकरी बंद. औषधाचं दुकान बंद. घरी बसलो तर एक अख्खा रविवार वाया. कुत्रा आम्ही पाळत नाही. तेव्हा झेफेरिनोचा तितर मागून आणला.

(झेफेरिनो म्हणजे माझा मेव्हणा. चौकातलं कॅफे त्याचं. बहिणीवर फार जीव, माझ्यावर बेताचा. शिकारीच्या वेळी रानातले तितर ओरडून जवळ बोलवायला म्हणून पिंजऱ्यात एक तितर पाळतो.)

पिंजरा हातात धरून निघालो. दहाव्या दारापाशी हवालदार फोंतेश आडवा आला. विचारलं, हे काय. मी म्हटलं, पाळीव जनावराला फिरवतोय. तो म्हणाला, पण हे तर पिंजऱ्यात बसलंय. मी कलम काढून दाखवलं. जनावराने स्वतः चाललं पाहिजे अशी अट नाही. फोंतेशने पिंजऱ्याभोवती एक चक्कर मारली. मग म्हणाला, "काका, तितराला मुसकं तरी बांधा."

कायद्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

१९ मे

काल कॅफे उघडली. मी झेफेरिनोकडे बसून मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "काय मग, दोमिपॉझा संपला एकदाचा." कुणी मान वर केली नाही. एकाने फक्त विचारलं की संपला तर पुढच्या शुक्रवारी काय येणार.

मला वाटतं लोकांना शब्द कळलाय, दाखवत नाहीत. आमच्याकडचा माणूस लाजाळू.

३० जून

औषधाच्या दुकानातल्या ओतिलियाबाईंनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. म्हणाल्या, आठवडाभरात तीन म्हाताऱ्या येऊन दोमिपॉझाचे थेंब मागून गेल्या. एकीला तर तो झालाय अशी खात्री आहे, गुडघ्यात. असलं काही पसरवू नका.

म्हणजे पसरतोय!

लिस्बनला ताबडतोब कळवलं. उत्तर : दुखणं म्हणून नव्हे, दिलेल्या अर्थाने वापरला पाहिजे. या बाईंना खूश करणं कठीण आहे.

ऑगस्टमध्ये कधीतरी

उकाडा. शब्दाला विश्रांती दिली आहे. मोठे शब्द उन्हात वाढत नाहीत.

२९ ऑक्टोबर, गुरुवार

कालपासून रस्त्यातही मास्क सक्तीचा. त्यालाही मी आधीच एक ग्रीक शब्द करून ठेवला होता, पण गावाने केव्हाच 'मुसकं' करून टाकलंय. शाळेतली पोरं म्हणतात, पाद्री म्हणतात, सरपंच परवा सभेत म्हणाले. कुणी काढला हा शब्द म्हणून विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. ना व्युत्पत्ती, ना परवानगी. असल्या बेवारशी शब्दांना कोशवाले दारात तरी उभे करतात का, हे मला बघायचंय.

या गावाची खोडच ती. टोपणनाव दिल्याशिवाय माणसाला सोडत नाहीत. झेफेरिनो कॉफी कमी भरतो म्हणून त्याला 'अर्धा कप'. फोंतेश बदलून आला आणि आठवड्यात 'शिट्टी' झाला. सरपंचांचं टोपणनाव इथे लिहिण्यासारखं नाही. सबंध गावात टोपणनाव नसलेला मनुष्य मी एकटा. वचक म्हणतात तो हा.

१४ नोव्हेंबर, शनिवार

पुन्हा आणीबाणी. शनिवार-रविवारी दुपारी एकनंतर घरात. मी पुन्हा मोहिमेवर.

आज एक सुखद गोष्ट घडली. झेफेरिनोच्या कॅफेवरून चाललो होतो. आत कुणीतरी विचारत होतं, काय हो, आज काराजोला का? आणि दुसरा म्हणाला, हो, छोटासाच. मी दारात दिसल्यावर सगळे कपात बघायला लागले.

माझ्यामागे माझी चौकशी होते. 'छोटासाच' काय म्हणाला ते समजलं नाही. बहुधा कॉफीबद्दल असेल.

२२ नोव्हेंबर

फोंतेशने बेकरीजवळ एका गृहस्थाला अडवलं होतं. हातात एक पाव, बस्स. फोंतेश त्याला म्हणत होता, "हा आजचा तुमचा तिसरा काराजोला आहे, आता घरी बसा."

गृहस्थाचं आडनाव काराजोला नाही. मला वाटतं हवालदार त्याला माझा दाखला देत होता, की बघा, एक काराजोलाच कायदा जाणतात, तुम्ही तिसरे कुठून आलात, असं काहीतरी. घाईत वाक्य नीट जमलं नसेल. शिकलेला नाही, पण भावना पोहोचली.

८ डिसेंबर

आज औषधाच्या दुकानात ओतिलियाबाई गेर्त्रुदेसबाईंना समजावत होत्या. या वयात काराजोला बरा नव्हे, मारायचाच तर मुसकं लावून, आणि लवकर परत या. गेर्त्रुदेसबाई म्हणाल्या, मी कुठे मारते गं, माझ्या खिडकीशी आपोआप येतो.

ओतिलियाबाई माझ्यावर जळतात हे मला जूनपासून माहीत आहे. पण म्हातारीला मला मारायला सांगणं ही हद्द झाली. एर्मेलिंदाला सांगितलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ मोठा सोडला. नळाच्या आवाजातही हसू ऐकू येतं. कशाचं, ते मी विचारलं नाही.

३१ डिसेंबर

वर्षाचा हिशेब. दोमिपॉझा : वापरणारे, मी. समजलेले, मी आणि डॉ. लेओनोर. बायकोला समजलाय, पण ती कबूल करत नाही.

नव्या वर्षाचे निर्धार : आवाज चढवायचा नाही. बोलताना व्युत्पत्ती सांगायची नाही. दिवसाला पाव दोनच.

१६ जानेवारी २०२१, शनिवार

कालपासून सगळं पुन्हा बंद, मार्चसारखंच. या वेळी परिस्थिती खरीच वाईट आहे. रोजचे आकडे ऐकवत नाहीत. गिरिजाघराची घंटा वाजली की एर्मेलिंदा हातातलं काम थांबवते आणि कोण म्हणून विचारते. मलाही घरात बसवत नाही. भिंतीवरचं ते सरपंचाचं घड्याळ फार जोरात चालतं. बाहेर पडलो की बरं वाटतं, कुणाच्या तरी खिडकीत दिवा दिसतो, माणूस दिसतो. अर्थात मी पडतो ते शब्दासाठी.

२१ जानेवारी

आता दाराच्या खिडकीतून कॉफी विकायलाही बंदी. झेफेरिनो थर्मासमधून 'सूप' विकतो. काळं सूप, साखर घालून. मी प्यायलो. भाषेशी अशी लबाडी मला आवडत नाही, पण सूप चांगलं होतं.

परत येताना एवोरा शहरातून आलेला कुरिअरवाला भेटला. ओळख ना पाळख. मला बघून म्हणाला, काय काका, काराजोला वाटतं? मी म्हटलं, हो, मीच. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, मीही त्यातलाच.

एवोरापर्यंत नाव गेलंय! आता मागे वळून बघायचं नाही.

२ फेब्रुवारी, मंगळवार, सकाळी

कोशासाठी शब्द गोळा करायचं काम या महिन्यात संपतं. आज डॉ. लेओनोरना निर्णायक फोन केला. म्हटलं, बाई, तुम्हाला पुरावा हवा ना? गावात कुणालाही फोन करा. कुणालाही! मी कुणाला काही शिकवणार नाही, सांगणार नाही. या दिवसांत गावात कुठला नवा शब्द आला एवढंच विचारा. माझं नाव आज इथे लहानथोरांच्या तोंडी आहे, जिथे नाव पोहोचलं तिथे शब्द मागोमाग गेलाच असणार. पंचायतीची टेलिफोन यादी मीच तयार केलेली आहे, ती पाठवून दिली.

एर्मेलिंदा म्हणाली, "अहो, यादी नका पाठवू." का ते विचारलं तर सांगेना.

पाठवली.

१० फेब्रुवारी

बाईंचे फोन सुरू झालेत. बेकरीत आला, फोंतेशला आला, पाद्रींना आला. प्रत्येक जण मला भेटला की आधी हसू दाबतो आणि मग खांद्यावर हात ठेवायला येतो, पण दोन मीटरवर थांबतो. पाद्री म्हणाले, "लिबानियो, मनाला लावून घेऊ नकोस, देवाच्या घरी सगळे शब्द सारखेच."

नम्रता शिकवताहेत. यशाआधी ती लागतेच. कोट ब्रश करून ठेवला. टीव्हीवाले आले तर.

२४ फेब्रुवारी, बुधवार

डॉ. लेओनोरचा फोन आला. झालं ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे नंतर कुणी फिरवायला नको.

सुरुवातीलाच म्हणाल्या, अभिनंदन, तुमच्या गावचा शब्द कोशात घेतोय. एवढा स्वच्छ पुरावा या वर्षात दुसऱ्या शब्दाला मिळाला नाही. सगळ्या वयाची माणसं वापरतात, न शिकवता, एकाच अर्थाने. शेजारच्या तीन गावांत सापडला. एवोराच्या इस्पितळाबाहेर नाकात काडी घालून घ्यायच्या रांगेतही त्यांच्या माणसाने ऐकला.

मी उभाच राहिलो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. रांगेत! नाकात काडी घालून घ्यायला उभी असलेली माणसं माझा शब्द बोलतात! मी म्हटलं, बाई, नोंद वाचून दाखवाल?

त्यांनी वाचली. "काराजोला. नाम. क्षुल्लक निमित्त काढून, गंभीर चेहऱ्याने, घराबाहेर मारलेली फेरी. प्रयोग : 'पाव आहे घरात, पण एक काराजोला मारून येतो.' अर्थ दुसरा : खिडकीशी उभं राहून केलेलं, न मागितलेलं, लांबलचक बोलणं."

मी खाली बसलो. विचारलं, "आणि दोमिपॉझा?"

"एका बाईंना आठवत होता," त्या म्हणाल्या. "त्यांच्या मते तो मासा आहे."

मी म्हटलं, "बाई, काराजोला हे माझं आडनाव आहे."

"हो, उगमात तसंच देतोय," त्या म्हणाल्या, आणि तेही वाचून दाखवलं. निवृत्त कारकून, सांता उर्सुला गाव, आलेंतेजू. तितर सुद्धा आहे.

मी नोंद मागे घ्या म्हणालो. त्या मऊ आवाजात म्हणाल्या की शब्द आता लोकांचा झाला, त्यांच्या हातात नाही, माझ्याही नाही. निदान 'गंभीर' च्या जागी 'विद्वान' घाला म्हणालो. तसं कुणीच म्हणालं नाही म्हणे.

मग त्यांनी आणखी एक सांगितलं, जे कोशात येणार नाही. गेर्त्रुदेसबाई फोनवर म्हणाल्या की, एकटी असते मी. बंदच्या दिवसांत खिडकीशी काराजोला आला नसता तर कित्येक दिवस माणसाचा आवाज कानावर पडला नसता. काय बोलायचा ते काही कळायचं नाही, पण वाट बघायची मी.

वर्षभर तिच्या खिडकीशी घसा कोरडा केला आणि म्हातारीला एक अक्षर कळलं नाही. हे ऐकून राग यायला हवा होता. का आला नाही कोण जाणे. आजचं जेवण गेलं नाही.

२५ फेब्रुवारी

झेफेरिनोला जाब विचारला. खिडकीतूनच. तो म्हणाला, "दाजी, शपथ घेऊन सांगतो, ठरवून केलं नाही. तुम्ही तितर घेऊन गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोने विचारलं कुठे निघालात, तर तोंडातून निघून गेलं. ती हसली. मग तीच म्हणायला लागली." वर सूप दिलं, फुकट आणि कप भरून. त्यावरून त्याला किती अपराधी वाटतंय ते समजलं. तरी प्यायलो.

म्हणजे दहा महिने. दहा महिने गावभर माझ्या नावाने फेऱ्या चालल्यात आणि घरात माझ्या शेजारी बसणाऱ्या बायकोलाही माहीत! तिला विचारलं, मला का नाही सांगितलंस. म्हणाली, तुम्ही खुशीत होता.

नंतर वाटी ठेवता ठेवता म्हणाली, "कोशात जायचं होतं ना तुम्हाला? गेलात." या खेपेला आपटली नाही.

१ मार्च

आडनाव बदलण्याचा विचार केला. एर्मेलिंदाने आठवण दिली की कबरीचा दगड आम्ही दोघांनी मिळून आधीच कोरून घेतलाय, संगमरवरी आहे, खोडता येणार नाही.

सरपंच घरी आले, दाराबाहेरून बोलले. गावाचं नाव पहिल्यांदाच कोशात येतंय, पंचायतीबाहेर फलक लावायचा आहे, मजकूर लिहून द्याल का म्हणाले. सही कुणाची, असं मी विचारलं. ते म्हणाले, अर्थात माझी.

दार लावलं.

४ मार्च

निर्धार, आणि हा शेवटचा, मोडायचा नाही : तो शब्द या घरात उच्चारला जाणार नाही. बायकोने नाही, मेव्हण्याने नाही, आणि मी तर मरेपर्यंत नाही. सगळ्या देशाने खुशाल वापरावा. ज्याच्या नावावरून आला त्याने तोंड मिटून ठेवलं की शब्द आपोआप कमजोर पडतो. भाषेचा तसा नियमच आहे (बघून ठेवला पाहिजे).

एर्मेलिंदाला ऐकवला. बरं म्हणाली.

१५ मार्च, सोमवार, संध्याकाळी

आजपासून थोडी मोकळीक. झेफेरिनोला खिडकीतून कॉफी विकायला परवानगी मिळाली. सूप बंद झालं. हवा छान होती, मोसंबीच्या झाडाला फुलं आली आहेत. दिवसभर घरात बसून पाय आखडले. बूट घालत होतो तर एर्मेलिंदाने विचारलं, आता कुठे? म्हटलं काही नाही गं, गेर्त्रुदेसबाईंच्या खिडकीपर्यंत एक काराजोला मारून येतो. ती म्हणाली, लवकर या, आणि येताना पाव नका आणू.